चैत्राचे पन्हे : कालचे आणि आजचे

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा "प्रत्येकीने काहीतरी लिहून दिलेच पाहिजे" असा चिटणीसबाईंचा हुकूम सुटला. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याच्या यादीपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही." त्या म्हणाल्या, "मग रोज जे करता त्यावरच लिहा." रोज मी करते तो स्वयंपाक. त्यावर काय लिहायचे, म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला होता.

पण गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी कॉलेजला सुटी लागली म्हणून घरी आली. एके दुपारी तिने मिक्सरमध्ये आंबा, केळे, थोडे दही, पुदिन्याची चार पाने आणि आल्याचा तुकडा घालून फिरवले आणि काचेच्या उंच पेल्यातून मला आणून दिले. म्हणाली, "आई, ही स्मूदी. फळात मसाला आणि पाला घालून प्यायची नवी पद्धत आहे." प्यायले. चांगले लागले, खोटे कशाला बोलू? पण ते "नवी पद्धत" काही घशाखाली उतरेना. मी तिला म्हटले, "अगं, चैत्रात आपण पन्हे करतो ते काय आहे मग? कैरी हे फळ, वेलची हा मसाला." ती हसली आणि म्हणाली, "पन्हे म्हणजे तुमचे हळदीकुंकवाचे. ते वेगळे."

ते वेगळे का, याचा छडा लावायला मी आमच्या शेजारच्या निवृत्त संस्कृतच्या बाईंकडे गेले. दुपारची झाकपाक झाली की त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसायचे, त्यांनी जुने ग्रंथ उघडून अर्थ सांगायचा आणि मी टिपून घ्यायचे, असा आमचा महिनाभर परिपाठ चालला. त्या वहीतले थोडे आणि माझ्या आठवणीतले थोडे असे येथे देत आहे.

पन्हे हा शब्द संस्कृतातल्या "पानक" या शब्दावरून आला. पानक म्हणजे फळ पाण्यात कुस्करून, गोड आणि थोडे तिखट किंवा सुगंधी घालून केलेले पेय. म्हणजे नावातच त्याचे वय आले. बौद्ध भिक्षूंच्या आचाराचे नियम ज्या विनय ग्रंथात आहेत, त्यात एक सुंदर प्रसंग आहे. भिक्षूंनी दुपारनंतर जेवायचे नाही असा दंडक. केणिय नावाचा एक जटाधारी तपस्वी बुद्धांना भेटायला निघाला. दुपारनंतर काय न्यावे? त्याने पेय करून नेले. बुद्धांनी ते स्वीकारले आणि भिक्षूंना आठ प्रकारच्या पेयांची मोकळीक दिली. आंब्याचे, जांभळाचे, दोन जातींच्या केळ्यांचे, मधाचे, द्राक्षांचे, कमळाच्या कंदाचे आणि फालशांचे. दोन हजार वर्षांहून जुनी ही यादी आहे. आपल्या तासगावच्या द्राक्षांना आणि बाजारातल्या रायवळ आंब्यांना केवढी मोठी परंपरा आहे पाहा. फालसे मात्र आता आपल्या बाजारात क्वचितच दिसतात.

सुश्रुताच्या वैद्यकग्रंथात तर पानकांचे गुणदोषच सांगितले आहेत. गुळाचे पानक पचायला जड. द्राक्षांचे पानक शीण, घेरी, अंगाची आग आणि तहान घालवते. फालशांचे आणि बोरांचे मनाला आवडते, पण पोट बांधते. माझी सासू लहान मुलांना फार बोरे खाऊ देत नसे, तेव्हा तिने काही सुश्रुत वाचला नव्हता. घरोघर हे ज्ञान असेच आलेले.

पण मला सर्वांत गंमत वाटली ती भावप्रकाशाची. भावमिश्र नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात हा ग्रंथ लिहिला. त्यात कच्च्या आंब्याच्या पन्ह्याची कृती आहे. कैरी पाण्यात उकडायची, हाताने चांगली कुस्करायची, साखर आणि थंड पाणी घालायचे, वरून कापूर आणि मिरे. उकडणे, कुस्करणे, गोडी, गार पाणी, शेवटी वास. आजही मी तेच करते, फक्त कापूर-मिऱ्यांच्या जागी वेलची आली आणि जमले तर केशराच्या दोन काड्या. आणि हे पेय पहिल्याने कोणी केले म्हणता? भावमिश्र सांगतो, भीमसेनाने! विराटाच्या घरी पांडव अज्ञातवासात राहिले, तेव्हा भीम बल्लव नाव घेऊन मुदपाकखान्यात होता, ते आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेच आहे. तेव्हा स्वयंपाकघर हे फक्त बायकांचे, असे म्हणणाऱ्या घरच्या मंडळींना हा दाखला खुशाल द्यावा. (येथे एक सांगून ठेवते. ग्रंथातला कापूर म्हणजे खायचा भीमसेनी कापूर. आरतीच्या वड्या पन्ह्यात कोणी टाकू नयेत. त्या विषारी असतात.)

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पुरती कळली असे नाही, पण आवडली. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्त नावाचा मोठा पंडित झाला. नाटक पाहताना मनाला जो आनंद होतो तो कसा असतो, हे समजावताना त्याने पानकाचा दाखला दिला. पानकात गूळ असतो, मिरे असतात, आंबट असते, पण पिताना त्यातले काही सुटे लागत नाही. सगळे मिळून एक वेगळीच चव होते. हे वाक्य ऐकले आणि मी मनात म्हटले, हा पंडित स्वयंपाकघरात नक्की डोकावलेला असणार. वेलची जास्त झाली की पन्हे वेलचीचे लागते, मीठ विसरले की नुसते गोड पाणी. बरोबर जमले की कशाचे नाव घेता येत नाही.

देशात जागोजाग याची भावंडे आहेत. कर्नाटकात आणि तमिळ मुलखात रामनवमीला गूळ, सुंठ, मिरे आणि वेलचीचे पानक करतात. आंध्रात मंगळगिरीच्या नरसिंहाला गुळाच्या पानकाचाच नैवेद्य. उत्तरेकडे कैरी भाजून तिचा गर घेतात आणि त्यात भाजलेले जिरे, पुदिना व काळे मीठ घालतात. कोकणात रातांब्याचे सरबत, त्यात जिऱ्याची पूड. तेव्हा माझ्या मुलीच्या पुदिन्याला आणि आल्याला मी नवे म्हणणार नाही. दही आणि केळे एकत्र करण्याबद्दल जुने वैद्य नाक मुरडतील, तेवढे सोडा.

बदलले ते साधनांनी. आमच्या आजीच्या घरी चैत्र जवळ आला की कल्हईवाल्याला हाक मारीत. कैरीचे आंबट पितळेच्या भांड्यात टिकत नाही, लगेच कळकते. म्हणून पन्ह्याच्या पातेल्याला आणि घागरीला आधी कल्हई. कैऱ्या चुलीच्या आरात पुरून भाजत. गूळ असे कोल्हापुरी. गार करायला माठ, भोवती ओले फडके आणि पाण्यात वाळ्याची जुडी. राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी. अकबराच्या दरबारी सोऱ्याने पाणी गार करीत, असे आइने-अकबरीत लिहिले आहे. पुढे 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. तळ्यावरचा बर्फ कापून एवढ्या लांब आणायचा आणि उरेल तो विकायचा, ही हिंमत खरीच. पण आपल्या पन्ह्यापर्यंत तो पोचायला पुष्कळ वर्षे गेली.

साखरेनेही पन्ह्याचा रंग पालटला. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे आपल्या भागात कारखान्यांची रांगच लागली. पांढरी साखर घरोघर आली, तसे गुळाचे तांबूस पन्हे मागे पडले आणि साखरेचे पिवळसर पन्हे प्रतिष्ठेचे झाले. मला स्वतःला गुळाचेच आवडते. मग मिक्सर आला. 1963 साली मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्याकडचे वाटण झेपेल असा मिक्सर तयार केला, तो पुढे "सुमीत" या नावाने गाजला. आमच्या घरी तो माझ्या लग्नात आला. हाताने गर कुस्करताना शिरा हाताला लागतात आणि काढून टाकता येतात, मिक्सरमध्ये त्या आतच राहतात, म्हणून पन्ह्याला मी अजून हातच वापरते. कृतीही आता पुस्तकात मिळते. मराठीत पाककलेचे पहिले पुस्तक रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे "सूपशास्त्र", 1875 सालचे. आपल्या पिढीला माहीत आहे ते 1970 सालचे कमलाबाई ओगले यांचे "रुचिरा". त्यांनी मापे वाटी-चमच्यांत दिली हा आपल्यावर मोठा उपकार. आमच्या घरी माप "अंदाजे" याच नावाचे होते.

येथवर लिहून मी वही मिटणार होते. पण मुलीचे ते वाक्य, "पन्हे म्हणजे तुमचे हळदीकुंकवाचे," मनातून जाईना. कारण ते खरे होते. जे पेय मुळात तहानलेल्याचे, ते आपण सवाष्णींचे कधी करून टाकले?

बाईंनी मला नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक शिलालेख समजावून दिला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात याने कोणती पुण्यकर्मे केली ते त्यात कोरले आहे. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर उतरायच्या जागा व "प्रपा" बांधल्या. प्रपा म्हणजे पाणपोई. त्या लेखात "अमक्यालाच पाणी द्यावे" असे नाही. वाटसरू आला, तहानला, प्यायला.

पण लेखात नाही म्हणून व्यवहारात नव्हते असे थोडेच! पुढे शेकडो वर्षे आपल्याकडे पाण्याला जात चिकटली. 1868 साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा लोकांना तो अधर्म वाटला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, त्यासाठी त्या माणसांनी मार खाल्ला. हे सर्व आपण शाळेत वाचतो आणि पुस्तक मिटतो. आमच्या आजीच्या वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी कान तुटलेला एक कप मागच्या कोनाड्यात असे. चैत्रात तिलाही पन्हे मिळे, पण त्या कपातून. मला तेव्हा त्यात काही गैर वाटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

गैर वाटले ते आत्याचे.

माझी आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. मला कळू लागले तेव्हा ती चाळिशी उलटलेली होती. वाड्यात चैत्रगौर मोठी बसे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर, पुढे कलिंगडाची कमळे, भिजवलेले हरभरे, वाटली डाळ, आणि दोन घागरी पन्हे. ते सगळे पन्हे आत्या एकटी करी. पहाटे कैऱ्या भाजायची, सोलायची, गर काढायची, गूळ चिरायची. चव पाहायची नसे, कारण नैवेद्य व्हायचा. वासावरून तिला कळे. संध्याकाळी बायका आल्या, अत्तर-गुलाबपाणी झाले, की आत्या माजघराच्या दाराआड. पेले भरून ती आतून द्यायची आणि आम्ही मुली तबक घेऊन बाहेर न्यायचो.

मी सात-आठ वर्षांची असताना, 1988 च्या आसपास, एका वर्षी बायका खूप जमल्या. पेले संपले, आम्ही मुली खेळायला पांगलेल्या. आत्याने वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच घागर कडेवर घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. समोरच गल्लीतल्या एक प्रतिष्ठित बाई बसल्या होत्या. त्यांनी हातातला पेला न उष्टावता खाली ठेवला आणि उठून गेल्या. कोणी काही बोलले नाही. आजी आत्याला एवढेच म्हणाली, "तू कशाला आलीस?" आत्या आत गेली. रात्री मी पाहिले तर तो भरलेला पेला आत्याने मोरीत ओतला नव्हता. झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गड्याला दिला. त्यानंतर वाडा विकेपर्यंत चैत्रात ती माजघराच्या दाराशीही आली नाही. मागच्या पडवीतूनच पेले द्यायची.

हे जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. जुन्या काळात धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला आणि मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे त्यांनीच हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभा केला. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि माझी आत्या तरी पडवीतच होती. आणि मी? मी या मंडळाची सभासद झाले, दर चैत्रात हळदीकुंकू केले, आमंत्रणाच्या यादीतून काही नावे आपोआप गळत होती, आणि मी ती यादी स्वतःच्या हाताने लिहीत होते. अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे असे.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, तिला कार्यातून वगळायचे नाही. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाड आपल्या सांगलीपासून काही फार दूर नाही. आपल्या मंडळाच्या त्यानंतरच्या बैठकीत हा विषय निघाला, ते पुष्कळजणींना आठवत असेल. वाद झाला. "आमच्या मनात काही नाही, पण त्यांनाच अवघडल्यासारखे होईल," असेही म्हटले गेले. हे वाक्य मीही पूर्वी बोललेले आहे. शेवटी कोणीतरी म्हणाले, त्यांनाच विचारू या की. इतकी वर्षे विचारलेच नव्हते! विचारले, तर बहुतेक सगळ्या आल्या. दोन सभासद भगिनी मात्र त्या वर्षापासून येत नाहीत. त्यांच्याविषयी मनात राग नाही. त्यांचा पेला आम्ही भरून ठेवतो.

तेव्हापासून आपला चैत्राचा मेळावा सर्वांचा आहे. सभागृहाची झाडलोट करणाऱ्या ताईही पंगतीत बसतात, आणि कोनाड्यातले कप आता कोठे नाहीत. गेल्या वर्षी मी आत्याला रिक्षातून घेऊन आले. ती ऐंशी उलटलेली, पण कान-डोळे शाबूत. यायला तयार नव्हती. "मी काय करू तिथे?" असे दोन दिवस चालले होते. हॉलमध्ये शिरताना तिचे पाय दाराशी थबकले. अध्यक्षीणबाईंनी तिला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवले आणि पहिला पेला तिच्या हातात दिला. पन्हे मी केले होते, साठ जणींचे. माझी मुलगी शेजारीच उभी होती.

आत्याने पेला दोन्ही हातांनी धरला. आधी वास घेतला. मग एक घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"कैरी उकडलीस ना?" ती म्हणाली. "भाजायची असते. आणि मीठ विसरलीस."

मग तिने पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला.

यंदा कैऱ्या तिच्या सांगण्याप्रमाणे भाजायच्या आहेत. मंडळाच्या मागच्या अंगणात चूल मांडायचे ठरले आहे आणि आत्या सकाळी आठला येणार आहे. दहा किलो कैरी, पंधरा किलो गूळ आणि वेलची मी आणते. शेणी कोणाकडे असतील तर आधी कळवावे.